शेजारची खुर्ची

नरक चतुर्दशीची पहाट म्हणजे तेल, उटणे, मोती साबण आणि कडकडीत पाणी. कातडीचे असे लाड मराठी घरात वर्षातून एकदाच होतात. पण हल्ली उटण्याच्या पुडीवर जे छापलेले असते ते वाचवत नाही. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद ही मंडळी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, आणि पुढे ठसठशीत 'उजळ कांती'. फेअर अँड लव्हली 1975 मध्ये बाजारात आली आणि 2020 मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झाली. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मातला 'वर्ण' हा रकाना मात्र जागचा हलला नाही. लोक तो इतक्या एकमताने 'गोरा' किंवा 'निमगोरा' असा भरतात की सावळे म्हणून आपल्यात कुणी उरलेच नसावे!

यंदा दिवाळी अंकाचा विशेष विभाग त्वचेवर करायचा असे ठरले तेव्हा संपादक मंडळातल्या काहींनी नाके मुरडली. सणासुदीला खाज-खरूज कशाला, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, पण आमचा वाचक राहतो कुठे? सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत. नंदुरबार, शहादा, शिरपूर, अमळनेरहून ताप्तीलाइनच्या गाडीने आलेली माणसे लूमवर, डाइंग हाउसमध्ये, साडीच्या दुकानात राबतात. ऊन, वाफ, रंग, घाम आणि अंगाला चिकटणारे पॉलिएस्टर. त्यांच्या वस्तीत नायट्याची तक्रार नसलेली चाळ दाखवा आणि बक्षीस घेऊन जा.

या विभागासाठी शहरातल्या तरुण डॉक्टरांशी बोलताना एक गोष्ट फिरून फिरून कानावर आली. पुस्तकात 'तांबडा चट्टा' असे लिहिलेले असते आणि समोर बसलेल्या पेशंटच्या अंगावर तांबडे काहीच नसते. गोऱ्या कातडीवरची लाली आपल्या गव्हाळ किंवा काळ्या अंगावर जांभळट, तपकिरी, कधी राखाडी होऊन येते. सोरायसिसचा चट्टा पुस्तकातल्या चित्रात गुलाबी. आपल्याकडे तो वांग्याच्या रंगाकडे झुकतो. पुरळ बरे झाले तरी त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही आणि पेशंटच्या लेखी तोच खरा आजार असतो. मग तांबडे कसे ओळखायचे? विचारले तर उत्तर एकच: सरांच्या शेजारी बसून.

शेजारी बसून काय मिळते, ते कुठल्याही सरकारी स्किन ओपीडीत पाहावे. पांडेसऱ्याहून रात्रपाळी संपवून आलेला एक पोरगा स्टुलावर बसतो. "डॉक्टर, रातले भलती खाज येस." गुजरातीत शिकलेल्या रेसिडेंटला अहिराणी अर्धीच कळते. कमरेवर, जांघेत, मांडीवर कड्यात कडे अडकलेले चट्टे. कडा पुसट, रंग नुसता काळपट. नवखा डॉक्टर हे एक्झिमा समजून मोकळा होईल. अनुभवी बाई त्याला उठवतात, खिडकीच्या उजेडाकडे वळवतात, दोन बोटांनी कातडी ताणतात, कडेवरचा बारीक कोंडा दाखवतात आणि मग केस पेपरकडे न बघता विचारतात, "खिशात काय आहे?" खिशातून अर्धी पिळलेली ट्यूब निघते. स्टेरॉइड, बुरशीची दवा आणि जंतूंची दवा, तिन्ही एकाच मलमात. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली. लावली की दोन दिवस खाज थांबते, बुरशी आत फोफावते आणि नायट्याचा चेहराच पालटतो. पुढचा प्रश्न: खोलीत किती जण झोपता? गादी कुणाची? टॉवेल कुणाचा? दिवसपाळीवाला उठतो आणि रात्रपाळीवाला त्याच गादीवर पडतो, हे सुरतचे गणित ज्याला ठाऊक नाही त्याने लिहून दिलेली गोळी अर्धीच लागू पडणार.

ही बुरशी साधी राहिलेली नाही. भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी 2020 मध्ये तिचे नामकरण केले, ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिन या हुकमी गोळीला तिचे पुष्कळ वाण आता दाद देत नाहीत. देशाचे नाव जगभर नेण्याचा हा मार्ग काही भूषणावह नव्हे. अंगाला लावायच्या स्टेरॉइड मलमांना केंद्र सरकारने 2018 मध्ये शेड्यूल एच लागू केले, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर बंद. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात जाऊन पाहा.

दुसरे उदाहरण त्याहून नाजूक. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या गालावर फिकट चट्टा. आई रडवेली, तिच्या मनात एकच शब्द आहे, कोड. तो चट्टा बहुधा कोरड्या कातडीचा असतो आणि आपसूक जातो. कोड असले तर वूड्स लॅम्पखाली खडूसारखे पांढरे चमकते. टिकलीच्या जागी पडलेला पांढरा ठिपका अनेकदा टिकलीमागच्या चिकट द्रव्यातल्या रसायनाचा प्रताप असतो. आणि फिकट चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग. गोऱ्या देशात तयार झालेल्या डॉक्टरला या चौघांची पारख करण्याची वेळ क्वचितच येते. सुरतेतल्या डॉक्टरवर ती दर सोमवारी येते.

कुष्ठरोगाचे निदान तर शब्दशः हातांनी शिकवायचे असते. कोपराच्या मागे, हाडाच्या खोबणीत एक नस असते. रोगात ती जाड होते. किती जाड म्हणजे जाड, हे कुठल्या पुस्तकात लिहिणार? सर विद्यार्थ्याचे बोट धरून आधी निरोगी कोपरावर ठेवतात, मग पेशंटच्या. पाच-पंचवीस कोपरे झाले की बोटाला कळू लागते. भारतातली पदव्युत्तर पदवी त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग अशी तिन्हींची मिळून आहे, ते उगाच नाही. देशपातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे 2005 अखेरीस जाहीर झाले. म्हणजे दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. निर्मूलनाचे ढोल वाजल्यावर कोपर चाचपणारी बोटे कमी झाली, हे आमचे मत आहे आणि ते आम्ही बदलायला तयार नाही.

त्याच रोगावरच्या क्लोफाझिमिन या गोळीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती 1954 मध्ये डब्लिनला तयार झाली. औषध गुणकारी, पण कातडी तांबूस-काळी पाडते. आपल्याकडे आजार लपवता येतो, काळवंडलेला चेहरा लपवता येत नाही. शेजारीण विचारते, "काय गं, अशी काळी का पडलीस?" आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी मोरीत जाते. जाणता डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो: रंग बदलेल, औषध संपल्यावर हळूहळू परत येईल, वेळ लागेल, गोळी सोडायची नाही. हे वाक्य कधी, कुणासमोर, सासूला बाहेर बसवून की आत बोलावून म्हणायचे, हे एमडीच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही.

पुस्तकांवर राग धरण्यात अर्थ नाही, ती लिहिणाऱ्यांनी समोरचेच पेशंट पाहिले. बोस्टनच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये कातडीचे प्रकार पाडले ते ऊन लागल्यावर ती भाजते की काळवंडते यावरून. त्यात सावळ्या आणि काळ्या कातडीचे पाचवा-सहावा हे प्रकार मागाहून जोडले गेले. आज लेसरचे यंत्र लावतानाही तीच मोजपट्टी वापरतात, आणि गोऱ्या कातडीसाठी ठरवलेल्या मात्रेने सावळी कातडी भाजते. तिकडेही जाग आली आहे. अमेरिकेत डॉ. सुझन टेलर यांनी 2004 मध्ये स्किन ऑफ कलर सोसायटी काढली. तरुण डॉक्टरची ज्येष्ठाशी गाठ घालून देणे हा तिच्या कामाचा भाग आहे. लंडनमध्ये मलोन मुक्वेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने 2020 मध्ये दोन शिक्षकांना हाताशी धरून काळ्या कातडीवरच्या लक्षणांची सचित्र पुस्तिकाच तयार केली. ती विद्यार्थ्याला सुचावी, याची शिक्षकवर्गाला थोडी लाज वाटायला हरकत नाही.

तिथे हा अल्पसंख्याकांचा प्रश्न आहे, इथे घरटी प्रत्येकाचा. आपल्याकडे ज्ञान नव्हते असेही नाही. पुण्याच्या आसपास 1950 च्या दशकात गाजर गवत माजले आणि शेतकऱ्यांचे चेहरे, माना जाड, काळ्या, भेगाळलेल्या होऊ लागल्या. ते दुखणे या गवताचे आहे, हे पुण्याच्या डॉ. लोणकरांनी लंडन आणि कॅनडातल्या सहकाऱ्यांबरोबर 1974 मध्ये जगापुढे मांडले. मुंबईच्या केईएमचे डॉ. उदय खोपकर यांचे सचित्र पुस्तक घेऊन एमबीबीएसची पोरे भारतीय कातडीवरचे रोग ओळखायला शिकतात. पण असे किती? बाकीचे ज्ञान ज्येष्ठांच्या डोक्यात, जुन्या आल्बममध्ये आणि कपाटातल्या हार्ड डिस्कवर पडून आहे. ते निवृत्त झाले की तेही निवृत्त.

आणि शेजारची खुर्ची रिकामी का? नीटच्या गुणवत्ता यादीतली वरची मुले स्किन घेतात, अनेकदा रात्रीची ड्युटी कमी आणि कमाई बरी म्हणून. त्यात पाप नाही. पण कर्जाचा हप्ता उभा राहिला की वेसू-पिपलोदच्या काचेच्या क्लिनिकमधला लेसर खुणावतो आणि उधन्याचा नायटा मागे पडतो. ज्येष्ठांचीही एक अडचण आहे, ती उघड कुणी बोलत नाही: शिकवलेला पोरगा उद्या त्याच रस्त्यावर पाटी लावेल. लावू दे की! या शहरातली रांग दोघांना पुरून उरेल.

सुरतेतल्या मराठी माणसांना हा विषय परका वाटायला नको. डॉ. रखमाबाई याच शहरात आल्या, 1895 च्या सुमारास, बायकांच्या दवाखान्याच्या प्रमुख म्हणून, आणि वीसेक वर्षे राहिल्या. लहानपणी लावलेल्या लग्नाचा खटला, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा हा 1887 चा निकाल, 'तुरुंग चालेल' हे त्यांचे उत्तर, हे सगळे आपण नाटक-सिनेमात पाहतो. पुढचे कमी सांगितले जाते. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉक्टर. मुलीच्या शिक्षणामागे ते उभे राहिले. ते 1885 मध्ये गेले. मग कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठीवर हात ठेवला, लंडनच्या शिक्षणासाठी पैसा उभा करायला मदत केली. एडिथबाई स्वतः एडिंबरोत पुरुषांच्या चिखलफेकीला तोंड देऊन पुढे डॉक्टर झालेल्या, त्यामुळे दार बंद असले म्हणजे काय होते हे त्यांना सांगावे लागले नाही. रखमाबाईंची जिद्द होतीच. पण जिद्दीला कॉलेजचा पत्ता, फीची सोय आणि ओळखीचे पत्र लागते.

आजही लागते. लिंबायतमधल्या लूम कारागिराची मुलगी एमबीबीएस होते तेव्हा घरात, नात्यात, अख्ख्या गावात तिच्याआधी डॉक्टर नसतो. कुठली परीक्षा कधी, परिषदेत निबंध कसा पाठवायचा, पेशंटची लेखी परवानगी घेऊन फोटो कसा काढायचा, पहिला केस रिपोर्ट कसा लिहायचा, हे तिने कुणाला विचारावे? त्वचारोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना तरुणांना काही काळ ज्येष्ठांच्या हाताखाली पाठवण्याच्या योजना चालवते. त्या चांगल्या आहेत. पण त्यासाठी घर सोडून परगावी राहावे लागते, आणि हे शहर तर स्वतःच मोठे इस्पितळ आहे. अहिराणी, उडिया, तेलुगू, भोजपुरी बोलणारी, गव्हाळपासून काळ्याकभिन्नपर्यंत प्रत्येक रंगाची कातडी इथे एका रांगेत उभी असते. असा वर्ग बोस्टनला भरणार नाही.

अंकात इतर मजकूरही नेहमीसारखा भरगच्च आहे. कथा आहेत, कविता आहेत, खान्देशी फराळावरचा लेख तर उपाशीपोटी वाचू नये. जाहिरातदारांचे आभार. गोरेपणाच्या क्रीमची एक मोठी जाहिरात आम्ही यंदा परत पाठवली, त्यामुळे अंक आठ पानांनी बारीक झाला आहे, तेवढे सांभाळून घ्या.

शेवटी एक मागणे. सुरत, नवसारी, बारडोलीतल्या ज्येष्ठ त्वचारोगतज्ज्ञांनी, मराठी असोत वा गुजराती, आठवड्यातली एक ओपीडी निवडावी आणि शेजारी एक खुर्ची ठेवावी. वार आणि वेळ आम्हाला अंकाच्या पत्त्यावर पोस्टकार्डाने कळवा. शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींनीही नाव, कॉलेज आणि वर्ष कळवावे. गाठ घालून देण्याचे काम कार्यालय करील, त्याला फी नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत आलेली पत्रे पहिल्या फेरीत धरली जातील.



— संपादक