एका बाटलीतला पाऊस
१५ जूनच्या आसपास राज्यातल्या बहुतेक शाळांची घंटा वाजते. विदर्भात उन्हामुळे ती जूनअखेरीस वाजते. ओली दप्तरं, नव्या वह्यांचा वास आणि ‘गणिताच्या बाई कडक असतील का’ या धास्तीत बसलेली सहावीची मुलं. पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडत नाही. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घेते, तिची मान कापून नरसाळ्यासारखी उलटी बसवते, तळाशी खडे टाकून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरते आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवते. झालं आमचं पर्जन्यमापक! रात्रभर मैदानात ठेवलं की सकाळी मुलंच धावत येतात, ‘बाई, १० मिलिमीटर!’ मग फळ्यावर एकच वाक्य लिहिते : १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. मुलं टेप धरून वर्ग मोजतात. लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर. म्हणजे एका रात्रीत आपल्या छपरावर ४८० लिटर पाणी पडलं! उन्हाळाभर हंडे वाहिलेली मुलगी हे उत्तर दोनदा तपासून बघते. क्षेत्रफळ, गुणाकार, जलचक्र सगळं त्या बाटलीत मावतं. गणिताचा तास कुठे संपला आणि विज्ञानाचा कुठे सुरू झाला, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अभ्यासक्रम मार्चपर्यंत पुरा होईलच. पण ‘मला मोजता येतं, मला शोधता येतं’ हा विश्वास जूनमध्येच पेरावा लागतो. वाफसा गेल्यावर पेरलेलं नीट उगवत नाही.