दुर्मिळ रोग आणि सार्वजनिक जबाबदारी

दाढ दुखू लागली की दुखणे अंगावर काढायचे आणि सोसवेनासे झाले की दाढ उपटून घ्यायची, ही श्रमिकांच्या घरातली रीत आहे. बहुतेकांचे त्यात निभावते. परंतु क्वचित एखाद्याची जखम भरून येत नाही, शेजारचे दात हलू लागतात, खालचा ओठ बधिर होतो आणि जबडा फुगत जातो. अशा वेळी मूळ दोष दाढेचा नसून, दात घडविणाऱ्या ऊतकांतून उद्भवलेल्या कर्करोगाचा असू शकतो.

तंबाखू हे या रोगाचे ज्ञात कारण नव्हे. दातावरील एनॅमल घडविणाऱ्या पेशींशी साधर्म्य असलेला 'अ‍ॅमेलोब्लास्टिक कार्सिनोमा' हा त्याचा एक प्रकार. तो बहुधा खालच्या जबड्यात होतो व फुफ्फुसांपर्यंत पसरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने दंतजन्य गाठींचे पहिले वर्गीकरण १९७१ साली प्रसिद्ध केले आणि पुढे ते वारंवार सुधारले. शास्त्राने आपले काम टाळलेले नाही.

क्ष-किरण चित्राने संशय येतो. निर्णय मात्र गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होतो. मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा : भोवतालच्या निरोगी हाडासह जबड्याचा रोगग्रस्त भाग काढणे आणि शक्य तेथे नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून तेथे बसविणे. त्यानंतर वर्षानुवर्षे तपासणी. रोजंदारीवरील मजुराच्या दृष्टीने यातील प्रत्येक टप्पा म्हणजे बुडालेली मजुरी आणि वाढलेले कर्ज.

तंबाखूजन्य कर्करोगाने असंख्य माणसे दगावत असताना मूठभरांच्या रोगाची चिंता कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो वरवर व्यवहार्य वाटतो. पण दोघांची गरज एकच आहे. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य, जिल्ह्याच्या ठिकाणी तुकडा तपासण्याची विनामूल्य सोय आणि तेथून मोठ्या रुग्णालयापर्यंत विनाविलंब रवानगी, एवढे झाले तर दोघेही वाचण्याची आशा वाढते. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. परंतु निदानच न झालेला रोगी त्याच्या दारापर्यंत पोचणार कसा?

बाजाराला गिऱ्हाइकांची संख्या लागते. मोजक्या रोग्यांत त्याला नफा दिसत नाही. म्हणूनच ही जबाबदारी समाजाची, म्हणजेच शासनाची ठरते. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील रुग्णालयात जाऊन एकच प्रश्न विचारावा : न भरणाऱ्या जखमेचा तुकडा येथून तपासणीला जातो काय? उत्तर नकारार्थी आले, तर आंदोलनाचा विषय अन्यत्र शोधण्याचे कारण नाही.