तपासणी नसलेला नियम

ईडन प्रेरी व आसपासच्या उपनगरांत राहणारी आम्ही काही बौद्ध कुटुंबे दरवर्षी एप्रिलमध्ये भीमजयंती आणि ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतो. तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, ध्वनिक्षेपक, घडीच्या खुर्च्या, भाताची पातेली आणि ग्रंथविक्रीची खोकी दहा-बारा मोटारींच्या डिकीत कोंबून न्यावी लागतात. ही ओढाताण संपावी म्हणून सर्वांनी वर्गणी काढून एक जुनी पिकअप गाडी घ्यावी, असा विचार पुढे आला. या लहानशा व्यवहारात एक मोठा प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. तो या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा होता. पिकअप ही मजुराची गाडी. डॉक्टर-इंजिनिअरांच्या दारात ती शोभत नाही, असे काहींचे म्हणणे पडले. आमच्यापैकी अनेकांचे वडील गिरणीत, रेल्वेत वा गोदीत राबले. ज्या समाजास श्रमावरून हीन ठरविण्यात आले, त्याच समाजाने श्रमाच्या साधनाची लाज बाळगावी, हे आम्हांस पटले नाही. सुदैवाने इतरांसही पटले नाही.

गाडी कोणती घ्यावी याविषयी मात्र एकमत लवकर झाले. मिनेसोटात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात. वरून चकाकणारी गाडी खालून गंजाने पोखरलेली असू शकते. म्हणून गाडीचा रंग न पाहता, बॅटरी घेऊन जमिनीवर आडवे व्हावे आणि चासी, ब्रेकच्या नळ्या व सायलेन्सर पाहावा, हा पहिला नियम ठरला. १९९६ पासूनच्या मॉडेलची गाडी घ्यावी, हा दुसरा. त्या वर्षापासून अमेरिकेत मोटारी व लहान ट्रक यांत दोष टिपणारी एकसारखी संगणकीय व्यवस्था सक्तीची झाली. स्टिअरिंगखालच्या जोडणीत स्वस्तातले एक यंत्र लावले, की इंजिनाची प्रकृती अंशतः तरी वाचता येते.

पहिलीच गाडी सर्वांच्या मनात भरली. हौदा मोठा, किंमत अपेक्षेहून कमी. परंतु खाली वाकून पाहता सायलेन्सरच्या मार्गात जेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असावयास हवा, तेथे नुसती सरळ नळी जोडलेली आढळली. मालक निःसंकोचपणे म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही मिनेसोटात आहात. येथे कोणी तपासत नाही." मिनेसोटाच्या कायद्यानुसार गाडी हस्तांतरित करताना तिची प्रदूषणरोधक यंत्रणा काढलेली वा बिघडविलेली नाही, असे विक्रेत्याने लिहून द्यावयाचे असते. त्यावर सही करण्याचीही त्याची तयारी होती.

त्याचे विधान वस्तुस्थितीला धरून होते. मिनियापोलिस-सेंट पॉल महानगराच्या सात काउंटींत १९९१ पासून मोटारींच्या धुराची तपासणी सक्तीची होती आणि आमची हेनेपिन काउंटी त्यांतच मोडत असे. येथील हवेत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यामुळे ती योजना सुरू झाली होती. पुढे हवा मानकात बसली आणि १९९९ मध्ये तपासणी बंद झाली. तपासणी गेली, यंत्रणा काढून टाकण्यास मनाई करणारा कायदा मात्र राहिला. तेव्हा प्रश्न असा, की ज्याची तपासणी होत नाही तो नियम पाळावयाचा काय? आमच्यातील एका सुशिक्षित गृहस्थांनी सरळ विचारले, "एका गाडीने काय बिघडते? वाचलेल्या पैशांत मुलांसाठी पुस्तके येतील."

प्रथम वैद्यकाच्या दृष्टीने उत्तर देतो. कन्व्हर्टरच्या पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो. तो तापला, की धुरातील कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे बहुतांशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हृदयरोग्याला तो अल्प प्रमाणातही बाधतो. उरलेल्या दोहोंपासून उन्हात ओझोन तयार होतो आणि दम्याच्या मुलाची छाती आवळतो. राज्याचे आरोग्य खाते व प्रदूषण नियंत्रण संस्था यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २००८ या एका वर्षात या महानगरातील सुमारे २,००० मृत्यूंशी दूषित हवेचा संबंध असल्याचा अंदाज दिला आहे. हा भार गरीब व कृष्णवर्णीय वस्त्यांवर अधिक पडतो, असेही त्यातून दिसते.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. सेंट पॉलमधील रोंडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती चिरून, १९५६ ते १९६८ या काळात आंतरराज्यीय महामार्ग ९४ बांधण्यात आला. शेकडो घरे गेली. जे उरले ते महामार्गाच्या काठाला आले. आमच्या ईडन प्रेरीत तळी आहेत, झाडी आहे, घरांमध्ये ऐसपैस अंतर आहे. आमची गाडी धूर ओकीत शहरात जाईल, तेव्हा तो धूर आमच्या अंगणात राहणार नाही. गावाची घाण कोणाच्या वस्तीकडे वाहते, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता दुसरे उत्तर. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे यथास्थित होते. पाण्याला मात्र हात लावता येत नव्हता. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना स्वतः तळ्यावर जाऊन ओंजळ भरावी लागली. पुढे संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. तरीही गावोगावी हेच उत्तर ऐकू येते, की कायदा आहे, पण येथे कोण पाहतो? अंमलबजावणी नसलेल्या नियमाचे दुःख आपल्याइतके कोणी भोगले आहे? आणि त्या अंमलबजावणीच्या अभावाचा लाभ आपल्या पदरात पडू लागताच आपणही तेच वाक्य उच्चारावे काय?

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतील भेद स्पष्ट केला आहे. नियम माणसाला काय करावे ते सांगतो. तत्त्व त्याला आपले कृत्य तपासण्याची दृष्टी देते व म्हणून जबाबदारीही देते. नियमाला शिपाई लागतो, तत्त्वाला लागत नाही. आपल्या पंचशीलांचेही तसेच आहे. अदिन्नादानापासून विरत राहण्याचे शील आपण दर कार्यक्रमात ग्रहण करतो. दुसऱ्याचा स्वच्छ श्वास त्याने न देता घेणे, हे त्या शीलात बसते काय, याचा ज्याने त्याने विचार करावा. एका जगप्रसिद्ध जर्मन कंपनीच्या, फोक्सवागनच्या, सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत तपासणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी योजना बसविल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले. परीक्षकासमोर शीलवान आणि रस्त्यावर दुःशील, असे ते वर्तन होते. जेथे परीक्षकच नाही, तेथे आपले वर्तन कसे असेल?

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. जुनी गाडी बहुधा गरिबाची असते आणि नव्या कन्व्हर्टरचा खर्च त्याला पेलत नाही. हे खरे आहे. म्हणून नियमाबरोबर साहाय्यही हवे. कॅलिफोर्नियात अल्प उत्पन्नाच्या मालकांना अशा दुरुस्तीसाठी शासकीय मदत मिळते, हे उचितच होय. परंतु दोन मोटारींचे गॅरेज असलेल्या आम्ही गरिबाच्या अडचणीची ढाल पुढे करणे शोभत नाही.

अखेर आम्ही ती गाडी नाकारली. दोन महिन्यांनी दुसरी मिळाली. ती लहान होती, थोडी महागही होती. पण चासी शाबूत होती. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला होता. मेकॅनिकने यंत्र लावून पाहिले, तर ऑक्सिजन सेन्सर निकामी झालेला. तो बदलला आणि दिवा विझला.

इतर राज्यांतील बांधवांसाठी थोडे व्यावहारिक. कॅलिफोर्नियात १९७६ व नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि विक्रीच्या वेळी प्रमाणपत्र देणे ही सामान्यतः विक्रेत्याची जबाबदारी असते. कन्व्हर्टर बदलावयाचा तर त्या राज्याने मान्य केलेलाच लागतो. शिकागो परिसरातही तपासणी आहे. तेव्हा मिनेसोटातून स्वस्तात गाडी नेणाऱ्याने आधी खाली वाकून पाहावे. पिवळा दिवा दिसला, तर प्रथम पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहावे. कित्येकदा दोष तेवढाच असतो. विक्रेत्याने कोणी विचारण्यापूर्वीच बॅटरीची तार काढून दिवा विझविलेला असू शकतो, म्हणून गाडी काही दिवस चालविलेल्या स्थितीतच यंत्र लावून पाहावे.

आमच्या मंडळाच्या वहीत आता एक ओळ लिहिली आहे: मंडळाच्या वाहनाची धूरयंत्रणा दरवर्षी जयंतीपूर्वी स्वखर्चाने तपासून घ्यावी. राज्य आम्हांस हे विचारीत नाही. आम्हीच आम्हांस विचारावयाचे ठरविले आहे. इतर मंडळांनीही असा ठराव करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!