चपलेचा गौरव, चर्मकाराची उपेक्षा

जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मिरविल्या आणि त्यांच्या उगमाचा साधा नामोल्लेखही केला नाही. महाराष्ट्रात अस्मितेचा गजर झाला. कंपनीला प्रेरणेची कबुली द्यावी लागली. ते योग्यच झाले. परंतु या गजरात मूळ प्रश्न बुडाला: ज्या हातांनी ही चप्पल घडविली, त्यांच्या पदरात आपण आजवर काय टाकले?

कोल्हापुरीचे सौंदर्य हे वरून चिकटविलेले अलंकरण नव्हे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे कमवावयाचे, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवावयाचे, खिळ्याचा आधार घ्यावयाचा नाही. वेणीचे नाजूक काम बहुधा घरातील स्त्रियांनी करावयाचे. रानावनात टिकावी म्हणून जे केले, तेच डोळ्यांना सुंदर दिसते. हे सौंदर्य म्हणजे श्रमाचेच दृश्य रूप होय.

याच श्रमाला आपल्या समाजाने अस्पृश्य ठरविले. चप्पल घरात आली. ती करणारा वेशीबाहेर राहिला. भिंतीवरचे चित्र ही 'कला' आणि चप्पल, मडके, घोंगडी ही केवळ 'कारागिरी', हा भेद सौंदर्यशास्त्राने नव्हे, जातिव्यवस्थेने शिकविला आहे.

२०१९ मध्ये कोल्हापुरीस भौगोलिक निर्देशांक मिळाला; नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे झाली. नाव सुरक्षित झाले, मजुरी नव्हे. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी लागू करून कातड्याच्या पुरवठ्यावर घाव घालणारेच दहा वर्षांनी कोल्हापुरीच्या अभिमानाचे ढोल बडवू लागले. या दांभिकपणास काय म्हणावे?

'आधी भाकरी, मग सौंदर्य' असे म्हणणारे आपल्या चळवळीतही आहेत. त्यांनी विल्यम मॉरिसचे स्मरण ठेवावे. कापडाच्या आणि भिंतीवरील कागदाच्या नक्षी रेखाटणारा हा इंग्रज कलावंत समाजवादी झाला, तो श्रमातील आनंद हाच कलेचा पाया आहे या निष्ठेमुळे. मात्र त्याच्या सुंदर वस्तू मुख्यतः धनिकांच्याच घरी गेल्या. समाज न बदलता सौंदर्य वाटता येत नाही, हाच त्याचा धडा.

म्हणून कार्यकर्त्यांनी अस्मितेच्या मिरवणुकीत सामील होऊ नये. रास्त दराने कातडे, किमान मजुरी, कारागिरांच्या हाती असलेली सहकारी विक्री आणि वेणी विणणाऱ्या स्त्रीची कामगार म्हणून नोंद, या मागण्या घेऊन उभे राहावे. चपलेचा गौरव पुष्कळ झाला. आता चर्मकाराचा हिशेब चुकता व्हावा.