‘दिव्य’ नाव नको, हक्क द्या!

गोड नाव द्यायचे आणि ताट रिकामे ठेवायचे, ही या देशाची जुनी रीत आहे. अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हटले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाव नाकारले. १९३८ साली याच शब्दाच्या निषेधार्थ स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार मुंबईच्या विधिमंडळातून बाहेर पडले होते. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणण्याचे आवाहन केले आणि सरकारी पाट्या बदलल्या. पण घाटकोपरच्या रमाबाई नगरातील, अंधेरी-बोरिवलीच्या झोपडपट्टीतील अपंग बांधवाचा प्रश्न तोच राहिला : मला नेमके काय मिळते आणि ते कसे मिळवायचे?

आधी कायदा समजून घ्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमियाही त्यात आले, हे आपल्या कित्येक घरांना आजही ठाऊक नाही. बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व किमान ४० टक्के लागते. त्यासाठी ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीला जायचे. प्रमाणपत्र नाकारले, तर कारण लेखी मागा. कलम ५९ नुसार अपील करता येते. डॉक्टर ‘नाही’ म्हणाले म्हणून गप्प घरी येऊ नका.

मात्र कार्ड हाती आले म्हणजे पेन्शन सुरू झाली, हा समज चुकीचा आहे. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके. घाटकोपर-मुलुंडकर कुर्ला तालुक्यात येतात. अर्जासोबत राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या झोपडीवर दोनदा बुलडोझर फिरला, त्यांनी तो कुठून आणायचा?

आणि खरी मेख पुढेच आहे, उत्पन्नाच्या अटीत. २०२५ साली सरकारने अपंगांचे अनुदान दीड हजारावरून अडीच हजार केले. चांगले झाले. पण ते मिळणार कोणाला? २०१९ च्या निर्णयाने अपंगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये ठरली, म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१६६ रुपये! मुंबईत बायकोने चार घरची धुणीभांडी केली, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग माणसाने उपाशी राहायचे की खोटा दाखला काढायचा? २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना आणताना याच सरकारने अडीच लाखांची मर्यादा ठेवली. बहिणींना मिळाले, याचा आनंदच आहे. पण त्याच घरातील पाय गमावलेल्या भावाची गरज पाचपटीने कमी कशी ठरते?

मूळ दोष असा की, सरकार अपंग माणसाला स्वतंत्र नागरिक न मानता घरच्यांच्या गळ्यातले लोढणे समजते. घटनेच्या ४१ व्या कलमाने अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ‘एक व्यक्ती, एक मूल्य’ हे तत्त्व बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावून सांगितले. अपंगाचे मूल्य बायकोच्या पगारावर का मोजायचे? उत्पन्न त्याचे स्वतःचे धरा, ही आपली मागणी असली पाहिजे.

मागणी करत असतानाच कामही करू या. प्रत्येक बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर एक टेबल मांडा. शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज भरून द्यावेत, जुन्या मतदार याद्यांतून वास्तव्याचे पुरावे शोधावेत, म्हाताऱ्या-अपंगांना तहसील कार्यालयात सोबत न्यावे. एकट्या माणसाला खिडकीवरून परत पाठवता येते. पण पन्नास जण एकत्र गेले, तर साहेबालाही खुर्चीतून उठावे लागते.

जयंतीच्या मिरवणुकीत आपण लाखोंनी असतो. त्या दिवशी घरात बसून राहिलेल्या अपंग बांधवाच्या दारात वर्षातून एकदा तरी जाऊ या. मात्र जाताना अर्ज आणि पेन बरोबर असू द्या.

जय भीम!