उसन्या वेशातले स्वतःचे गाणे

जपानमधील ‘व्हिज्युअल केई’ या रॉक संगीताच्या चित्रफिती मित्रांना दाखवल्या की दोन शेरे हमखास ऐकू येतात. पहिला, “पुरुषांनी हे काय रंग फासलेत?” दुसरा, “ही तर युरोपची नक्कल!”

पहिल्या शेऱ्याला उत्तर सोपे आहे. जपानच्या काबुकी रंगभूमीवर १६२९ साली स्त्रियांना बंदी झाली. तेव्हापासून तेथे पुरुषच स्त्रीभूमिका करीत आले. आणि बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राने तरी यावर नाक मुरडू नये.

दुसरा आरोप मात्र विचार करण्याजोगा आहे. १९९२ साली माना आणि कोझी यांनी स्थापन केलेले ‘मॅलिस मायझर’ हे पथक पाहा. फ्रेंच सरदारांचे झगे, झालरी, हार्पसिकॉर्डचे सूर, सारे युरोपचेच. गिटारवादक माना स्त्रीवेशात उभा राहतो आणि रंगमंचावर चकार शब्द बोलत नाही. वाद्ये बाजूला ठेवून ही मंडळी मूकनाट्यही करीत. युरोपचे सामान घेऊन त्यांनी उभे केलेले हे नाट्य मात्र त्यांचे स्वतःचे होते.

१९९९च्या आरंभी गायक गॅक्ट पथक सोडून गेला. जूनमध्ये ड्रमवादक कामी मेंदूतील रक्तस्रावाने वारला. त्यानंतर २००० साली आलेल्या ‘बारा नो सेइदो’ या संग्रहात चर्चचा ऑर्गन आहे, समूहगान आहे आणि वेश काळाकुट्ट आहे. हा गॉथिक काळा रंग मला तरी शोभेचा वाटत नाही. त्यात खरे दुःख ऐकू येते. नुसता वेश मिरवणारी पथके त्या लाटेत नव्हती असे नाही; पण त्यांच्यावरून साऱ्यांना तोलणे अन्याय्य ठरेल.

हे मी पोटतिडकीने लिहितो, त्याला कारण आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. येथली प्रमाण भाषा, इस्त्रीचे कपडे, हा लेख लिहिण्याची रीतसुद्धा माझ्यासाठी उसनीच. गावी गेलो की “साहेब झालास” म्हणतात. येथे एखाद्या उच्चारावरून हसतात. म्हणजे जुने टाकले तर ढोंगी, नवे घेतले तर नकलाकार! मग आमच्यासारख्यांनी बोलायचे तरी कोणत्या भाषेत?

माझ्या मते, वेश कोणाचा हा प्रश्नच गौण आहे. त्या वेशात उभे राहून माणूस स्वतःचे काही सांगतो की नाही, एवढेच पाहावे. सांगत असेल, तर तो वेश त्याचाच झाला.