एका वस्त्राला एकच साल नसते

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु लागते. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र याच गावी आहे. अशा मुलखातल्या मराठी घरातून जुने जरीकाठी वस्त्र हाती आले आणि घरच्यांनी ‘सरफोजी महाराजांच्या वेळचे’ म्हणून सांगितले, की नोंदवहीत ‘1798-1832’ लिहिण्याचा मोह होतो. घरची आठवण मोलाची आहे, ती शब्दशः टिपावी. पण ती फार तर कापडाबद्दल बोलते. त्यावरच्या शिवणीबद्दल नाही.

आपल्याकडे चांगले कापड टाकून देत नसत. लुगडे मधेच विरले की तेवढा भाग काढून दंड घालत. काठ शाबूत असले तर ते उसवून नव्या कापडाला लावत. पदराचा परकर, परकराची चोळी, उरल्या तुकड्याची बाळाची कुंची होई. जे अगदीच निकामी होई त्याची जर जाळून चांदी काढत. त्यामुळे आपल्या हाती येणाऱ्या जरीवस्त्रांत फेरफार झालेलीच बरीच असतात. वस्त्र कधी विणले, कधी बेतले आणि कधी उसवून पुन्हा शिवले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना एका सालात कोंबू नये.

प्रत्येक फेरफाराचा काळ त्यातल्या सर्वांत नव्या घटकावरून बांधावा. दोन धाग्यांची यंत्रटीप असेल तर ती शिवण 1846 च्या आधीची नाही. हॉवे यांचे शिलाईयंत्राचे पेटंट त्या वर्षीचे. पॉलिस्टरचा दोरा असेल तर 1941 च्या आधीची नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीवर धातू चढवलेली जर दुसऱ्या महायुद्धानंतरचीच. मात्र हा पुरावा एकाच बाजूने चालतो. हातशिलाई आहे म्हणून वस्त्र यंत्रापूर्वीचे ठरत नाही, आणि आजीच्या डब्यातले जुने रीळ नातीनेही वापरलेले असू शकते.

रंगाबाबत तंजावरच्या या कोरोमंडल किनाऱ्यावर अधिक सावध राहावे लागते. सुती कापडाच्या लाल रंगात अलिझारिन हे रंगद्रव्य सापडले पण पर्प्युरिन हे दुसरे नाही, तर तो कृत्रिम, म्हणजे 1869 नंतरचा, असे मानण्याकडे कल असतो. मंजिष्ठाच्या मुलखात ते बऱ्याच अंशी चालेलही. पण कोरोमंडलच्या रंगाऱ्यांचा लाल चाय नावाच्या मुळीचा. तिच्यात अलिझारिन असते, पर्प्युरिन जवळपास नसते. केवळ या कसोटीवर विसंबलो तर अस्सल जुने कापड शंभर वर्षांनी अलीकडे ढकलले जाईल.

अतिनील दिव्याचेही तसेच. निळसर चमक देणारी द्रव्ये विसाव्या शतकातली, पण ती साबणपावडरीतून जुन्या कापडातही उतरतात. म्हणून वरचा भाग पाहून निष्कर्ष काढू नये. शिवणीत दडलेली माया तपासावी. तिथे ऊन कमी लागलेले असते. मूळ रंग, आधीच्या टिपेची भोके, जुन्या घडीची रेघ तिथेच सापडते. भोकांची एक रांग आजच्या शिवणीशी जुळत नसेल, तर आधीचा एक बेत होता हे तिथेच कळते.

यातूनच आमचा आग्रह येतो: ‘मूळ रूप’ परत आणण्यासाठी नंतरच्या शिवणी उसवू नका. 1950 च्या सुमारास एखाद्या बाईने पणजीच्या काठांना नवे अंग लावले असेल, तर ती शिलाई त्या घराच्या गरजेचा आणि तिच्या हातच्या कसबाचा दस्तऐवज आहे. कापड फाटतच असेल तर आधार द्या. काही काढणे अटळच असेल तर आधी छायाचित्रे घ्या, काढलेला दोरा नाव घालून जपा.

नोंदीत यापुढे चार रकाने ठेवावेत: विणकाम, पहिली शिलाई, नंतरचे फेरफार, घरची आठवण. पहिल्या तीन रकान्यांत ‘या सालाआधीचे नाही’ किंवा ‘या सालानंतरचे नाही’ असे लिहून कारण द्यावे. कारण लिहिले असेल, तर उद्याच्या अभ्यासकाला आपला निर्णय पारखता येईल आणि चुकला असेल तर सुधारताही येईल.